उद्योग चालवून मग सल्लागार झालेल्यांची जडणघडण आणि मनोवृत्ती

दुसरी_पाळी:

सल्लागाराची ओळख करून देताना आपण सहसा त्याची पदवी, त्याने हाताळलेली क्षेत्रे आणि अनुभवाची वर्षे सांगतो. त्याच्या स्वतःच्या अंगावर काय येऊन गेले आहे, हे त्या ओळखीत क्वचितच असते. सल्ला घेणाऱ्याला मात्र तेच आधी कळायला हवे, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून या धाग्याची सुरुवात मी स्वतःपासून करते.

मी अकरा वर्षे धातूचे सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना चालवला, तो बंद केला, आणि त्यानंतर गेली चौदा वर्षे इतरांच्या कारखान्यांना सल्ला देण्याचे काम करते आहे. कारखाना बंद पडला तेव्हा तो तोट्यात नव्हता. शेवटच्या वर्षी विक्री आदल्या वर्षाच्या दीडपट झाली होती, यंत्रे दोन पाळ्यांत चालत होती, आणि त्याच वर्षी पगाराच्या तारखा पहिल्यांदा चुकू लागल्या. हे कसे घडते ते समजायला मला फार उशीर लागला, म्हणून ते इथे आकड्यांत मांडते. कच्चा माल आत आल्यापासून तयार माल दाराबाहेर पडेपर्यंत आमच्याकडे ४० दिवस जात. ग्राहक त्यानंतर ७५ दिवसांनी पैसे देत, आणि पुरवठादाराला आम्ही ३० दिवसांत पैसे देत होतो. म्हणजे ८५ दिवसांचा खर्च सतत आमच्या पदरचा. ८५ दिवस म्हणजे ढोबळमानाने वर्षाच्या विक्रीतले २३ टक्के. शंभराची विक्री असताना २३ अडकलेले, दीडशेची झाल्यावर ३५ अडकलेले. हे वरचे १२ कुठून तरी उभे करायचे आणि सहा टक्क्यांच्या हिशेबाने दीडशेवरचा नफा अवघा ९. वाढीचा आनंद साजरा करत असताना आम्ही दर महिन्याला थोडे थोडे खोल जात होतो. त्यात एकट्या एका ग्राहकाकडे आमची ६२ टक्के विक्री होती, आणि त्याने ७५ दिवसांचे १२० केले. त्याला नाही म्हणण्याची आमची ताकद नव्हती.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ सांगते. दुसऱ्या दिवशी पगार करायचा होता आणि बँकेत होते ते सगळ्यांना पुरणार नव्हते. मी पगारवहीवर पेन्सिलीने खुणा करत होते. माझे नाव आधीच खोडले होते आणि आता कोणाला पूर्ण द्यायचे, कोणाला अर्धे, हे ठरवत होते. आमचे सर्वांत जुने फोरमन बोथटलेली ड्रिल घासून घेण्यासाठी शेजारच्या ग्राइंडरपाशी उभे होते. त्यांनी काम थांबवले, हात पुसले, वहीकडे एकदा पाहिले आणि एवढेच म्हणाले, "माझं नाव शेवटी लिहा." मग पुन्हा ग्राइंडर सुरू केला. कारखाना बंद करताना कामगारांची देणी मी पहिल्यांदा फेडली आणि पुरवठादारांची फेडायला पुढे चौदा महिने घेतले. त्या वहीचे पान मी जपून ठेवले आहे, आणि कोणत्याही मालकाला "हे करा" म्हणण्याआधी मला ते आठवते.

माझ्या कामामागची भूमिका तिथूनच आली. सल्ला अमलात आणण्याचा खर्च ज्याच्या खिशातून जातो, निर्णय त्याचा असतो. सल्लागाराचे काम असते तो खर्च निर्णयाआधी त्याच्यासमोर पूर्णपणे मांडण्याचे: किती पैसे, किती महिने, कोणाची नाराजी, आणि बेत फसला तर काय उरेल, हे सगळे. दुरुस्ती सुचवणे हे त्यातले सोपे काम आहे.

या बाबतीत मला जेम्स मॅकिन्झी यांचे उदाहरण फार बोलके वाटते. हिशेबशास्त्राचे हे प्राध्यापक; त्यांनी १९२६ मध्ये शिकागोत सल्लागार संस्था काढली आणि तिचे नाव पुढे जगभर झाले. मार्शल फील्ड या मोठ्या व्यापारी कंपनीला त्यांच्या संस्थेने सल्ला दिला, आणि १९३५ मध्ये त्या कंपनीने तो अमलात आणण्यासाठी खुद्द मॅकिन्झींनाच प्रमुखपदी बसवले. तोट्यातले घाऊक व्यवहार बंद करणे, माणसे कमी करणे, हे सगळे आता त्यांना स्वतःच्या सहीने करावे लागले. दोन वर्षांत, १९३७ मध्ये, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. सल्ला देणारा आणि तो पार पाडणारा यांच्या खुर्च्यांमध्ये किती अंतर असते, ते या माणसाने दोन्ही खुर्च्यांवर बसून पाहिले होते.

इथे अनेक जण दोन्ही बाजूंनी या व्यवहारात आहेत. आपली जडणघडण आपल्या सल्ल्यात कशी उतरते, किंवा सल्ला घेताना आपण समोरच्यात काय पाहता, हे वाचायला आवडेल.

नवखा_सल्लागार:

ताई, लेख वाचून थोडा अस्वस्थ झालो, म्हणून स्पष्टच विचारतो. मी शिक्षणानंतर थेट सल्लागार संस्थेत लागलो. सहा वर्षे झाली. पगारवही मी कधी भरलेली नाही आणि माझ्या सहीने कोणाचे काम गेलेले नाही. तुमच्या मांडणीप्रमाणे मला सल्ला देण्याचा अधिकारच उरत नाही, असा अर्थ निघतो. तसा तो आहे का?

दुसरी_पाळी:

नाही, तसा अर्थ मला अभिप्रेत नाही, आणि तसा निघत असेल तर माझ्या लिहिण्यात उणीव राहिली.

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याकडे पाहा. फ्रँक १८८५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, गवंडीकाम शिकायला उभे राहिले. शिकवणारे गवंडी सांगताना एक करतात आणि घाईत असताना दुसरेच करतात, हे त्यांच्या लक्षात आले, आणि तिथून त्यांनी हालचालींचा अभ्यास सुरू केला. विटा जमिनीवरून वाकून उचलण्याऐवजी कमरेच्या उंचीला येतील अशी परांची बांधली, विटा आधीच नीट लावून ठेवायची सोय केली, आणि एक वीट बसवायला लागणाऱ्या १८ हालचाली पाचच्या आत आणल्या. पुढे स्वतःची बांधकाम कंपनी चालवली आणि मग ते सल्लागार झाले. लिलियन मात्र गवंडीकामातून आलेल्या नव्हत्या. त्या मानसशास्त्राच्या, १९१५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. फ्रँक हालचाल मोजत, तेव्हा ती हालचाल करणारा माणूस थकतो कशाने आणि त्याला बदल नकोसा का वाटतो, हे लिलियन विचारत. १९२४ मध्ये फ्रँक गेल्यावर काही ग्राहकांनी स्त्रीकडून सल्ला नको म्हणून करार पुढे चालू ठेवले नाहीत, तरीही त्यांनी पुढची कित्येक दशके हेच काम केले आणि आज त्यांचे नाव पतीच्या बरोबरीने घेतले जाते. कारखान्याच्या मालकीतून आलेली समज आणि अभ्यासातून आलेली समज या दोन्हींची गरज असते. प्रश्न असतो तो आपल्याकडे यांतली कोणती नाही, हे ओळखून ती भरून काढण्याचा.

तुम्हाला मी दोन गोष्टी सुचवेन. पहिली, ज्या विभागाबद्दल अहवाल लिहायचा तिथे एक पूर्ण पाळी उभे राहा, रात्रपाळी मिळाली तर उत्तम. मीटिंगच्या खोलीत कोणी सांगणार नाही अशा गोष्टी रात्री तीन वाजता डोळ्यांना दिसतात. दुसरी, शिफारस लिहिताना स्वतःला विचारा, की हे फसले तर या माणसाचे नेमके किती जाईल आणि तेवढे त्याला झेपेल का. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी सत्तावीस अनुभवी उद्योजकांना एकच काल्पनिक व्यवसाय देऊन, ते निर्णय घेताना काय बोलतात ते नोंदवून अभ्यास केला होता. त्यांना आढळले, की ही माणसे "यातून किती मिळेल" या अंदाजापेक्षा "यात किती गेले तर चालेल" या प्रश्नापासून सुरुवात करण्याकडे झुकतात. सल्लागारांचे तक्ते नेमके उलटे असतात. मिळकतीचा अंदाज पहिल्या पानावर आणि धोका परिशिष्टात. तुम्ही तो क्रम बदलला तरी मालकाची भाषा बोलू लागाल.

तिसरी_पिढी:

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे सल्ला विकत घेणारा. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एका सल्लागार संस्थेची माणसे येऊन गेली. नाव घेत नाही, कारण दोष निव्वळ त्यांचा नव्हता. मीही डोळे झाकून होय म्हटले. त्यांनी तीन आठवड्यांत नव्वद पानांचा अहवाल दिला. त्यात स्टोअरमधली दोन पदे जास्तीची ठरवली होती. आम्ही ती कमी केली. पुढच्या तिमाहीत आमच्या लक्षात आले, की यांतल्या एका गृहस्थांच्या डोक्यात चार हजारांहून अधिक सुट्या भागांची जागा, त्यांचे जुने क्रमांक आणि कोणता भाग कोणत्या भागाच्या बदली चालतो, हे सगळे होते. कुठल्याही नोंदीत ते नव्हते. एक यंत्र नऊ दिवस बंद राहिले आणि त्याला लागणारा भाग आमच्याच रॅकवर पडून होता. ते गृहस्थ परत आले, पण तोवर दुसरीकडे रुजू झाले होते आणि आठवड्यातून एक दिवस येऊन त्यांनी आमच्या मुलांना सगळे लिहवून दिले. हा त्यांचा मोठेपणा.

मला विचारायचे आहे, की सल्लागार निवडताना त्याची मनोवृत्ती ओळखायची कशी? बोलायला सगळेच चांगले असतात.

दुसरी_पाळी:

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, आणि त्या गृहस्थांबद्दल फार आदर वाटला.

मनोवृत्ती बोलण्यातून कळत नाही, ती पहिल्या दिवशी तो माणूस कुठे जाऊन उभा राहतो त्यावरून कळते. मी स्वतः पहिल्या दिवशी दोनच गोष्टी करते. हिशेब खात्याकडून येण्यांची वयवार यादी मागते, म्हणजे कोणाकडून किती येणे आहे आणि ते ३०, ६० की ९० दिवसांपलीकडे गेले आहे. मग माल बाहेर पडतो त्या दारापाशी जाऊन उभी राहते. दारापाशी सगळा कारखाना उघडा पडतो: कोणता माल घाईने बाहेर काढला, कोणता परत आत गेला, कोणाचा फोन आल्यावर क्रम बदलला.

एकदा अशीच उभी असताना अर्धवट तयार मालाचे ट्रे दिसले. सुपरवायझरने प्रत्येक ट्रेवर खडूने आत आल्याची तारीख लिहिलेली होती. मोजले तर ६० ऑर्डरी आत होत्या आणि दिवसाला सरासरी चार बाहेर पडत होत्या. म्हणजे नव्या ऑर्डरीला सरासरी पंधरा दिवस लागणार, हे भागाकारातूनच निघते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा साधा नियम रांग कशाचीही असली तरी लागू पडतो. विक्री विभाग मात्र ग्राहकांना आठ दिवसांचा शब्द देत होता आणि उशिरासाठी दर आठवड्याला उत्पादन विभागाला बोल लावत होता. मालकांना नवे यंत्र घ्यायचे होते. आम्ही यंत्र घेतले नाही. एका वेळी ३२ पेक्षा जास्त ऑर्डरी आत सोडायच्या नाहीत, एवढाच नियम केला, आणि बाकीच्या ऑर्डरी कागदावर थांबल्या. बाहेर पडण्याचा वेग तोच राहिला, मात्र आत सोडलेली ऑर्डर आठ दिवसांत बाहेर येऊ लागली आणि ग्राहकाला देण्याची तारीख आता बाहेर थांबलेली रांग पाहून ठरू लागली. खडूच्या तारखा त्या सुपरवायझरने दीड वर्षापासून लिहिल्या होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते.

तेव्हा निवडताना सल्लागाराला एवढेच विचारा: तुमचा कोणता सल्ला चुकला आणि त्याची किंमत कोणी मोजली? उत्तर द्यायला वेळ लागला तर हरकत नाही. उत्तरात ग्राहकालाच दोष आला, तर थांबा.

सांख्यिकी:

लेख प्रामाणिक आहे, परंतु एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे आणि तो मी नोंदवतो. स्वतःचा उद्योग बुडाल्याचा अनुभव हे शहाणपण आहे हे गृहीतक तपासायला हवे. तो एकच अनुभव आहे, एक नमुना. शिवाय तो वेदनेचा आहे, आणि वेदनेचे अनुभव स्मरणात इतरांपेक्षा जास्त जागा व्यापतात. रोखीच्या चणचणीने ज्याचा कारखाना गेला, त्याला प्रत्येक कारखान्यात रोखीची चणचण दिसणार. ज्याला भागीदाराने फसवले, तो प्रत्येक भागीदारीकडे संशयाने पाहणार. अशा सल्लागारापेक्षा शंभर उद्योगांची आकडेवारी शांतपणे पाहिलेला माणूस अधिक निःपक्ष असू शकतो. आपण याची काळजी कशी घेता?

दुसरी_पाळी:

हा आक्षेप योग्य आहे, आणि मी तो केवळ मान्य करत नाही, तर माझ्या हातून तसेच घडले आहे हेही सांगते.

सल्लागार म्हणून तिसऱ्या वर्षी एका कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यात काम करत होते. येण्यांची यादी पाहिली. ९० दिवसांपलीकडची थकबाकी मोठी होती. माझ्या डोळ्यांसमोर माझीच पगारवही उभी राहिली. मी ठामपणे सांगितले, की उधारी आवळा, ६० दिवसांपुढे गेलेल्यांना माल देणे थांबवा. त्यांनी ऐकले. दोन महिन्यांत तीन जुने ग्राहक सोडून गेले, आणि जाताना त्यांतल्या एकाने सांगितले, की पैसे अडवून ठेवण्याचे कारण उधारीची सवय नव्हती. आलेल्या मालातला दहावा भाग परत पाठवावा लागत होता आणि त्याचा हिशेब मिटेपर्यंत ते संपूर्ण बिल थांबवत होते. दुखणे गुणवत्तेचे होते. थकबाकी हे त्याचे बाहेर दिसणारे लक्षण होते, आणि मला ते लक्षणच रोग वाटले, कारण माझ्या आयुष्यात तो रोग होता. परत आलेल्या मालाची नोंदवही हिशेब खात्याच्या शेजारच्याच कपाटात होती. मी ती मागितली नव्हती.

मी त्या कुटुंबाकडे जाऊन चूक सांगितली, पुढचे चार महिने मोबदला न घेता रिजेक्शनवर काम केले आणि दोन ग्राहक परत आणता आले. तिसरा आला नाही. त्या ग्राहकासाठी काम करणाऱ्या विभागातल्या माणसांचा ओव्हरटाइम बंद झाला, तो माझ्यामुळे.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळते. निदान लिहून झाले की त्याच कागदाच्या मागे लिहिते: हे निदान चूक असेल, तर मला कोणती गोष्ट दिसायला हवी? आणि ती शोधायला मुद्दाम एक दिवस घालवते. शिवाय मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक रीत वापरते. बेत अमलात आणण्याआधी संबंधित सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचे, की एक वर्ष उलटले आहे आणि हा बेत सपशेल फसला आहे असे समजा, आता तो का फसला ते प्रत्येकाने लिहा. शंका काढणारा एरवी विरोधक ठरतो. इथे शंका काढणे हेच काम असल्यामुळे लोक मोकळेपणाने लिहितात. सर्वांत उपयोगी चिठ्ठी बहुतेक वेळा सर्वांत कमी बोलणाऱ्याची असते.

आकडेवारीच्या निःपक्षपातीपणाबद्दल मात्र थोडे वेगळे म्हणते. शंभर उद्योगांची सरासरी मला हे सांगते, की समोरचा उद्योग कुठे उभा आहे. त्याच्या मालकाला रात्री झोप का येत नाही, हे ती सांगत नाही, आणि ते कळल्याखेरीज तो सल्ला ऐकूनही का अमलात आणत नाही हे उमगत नाही. मला दोन्ही हवे आहे, आणि माझी जखम कुठे आहे हे मला माहीत असायला हवे.

सांख्यिकी:

उत्तर पटले. "कागदाच्या मागे लिहिणे" ही शिस्त आमच्याही कामात उचलण्यासारखी आहे.

खतावणी:

मी हिशेब तपासनीस आहे. मनोवृत्तीच्या चर्चेत मोबदल्याचा मुद्दा यायला हवा, कारण मोबदला कुठून येतो त्यावर सल्ला कुठे झुकेल हे बरेचसे ठरते. यंत्र सुचवायचे आणि यंत्र विकणाऱ्याकडून दलाली घ्यायची, सॉफ्टवेअर सुचवायचे आणि त्याच्या परवान्यात वाटा ठेवायचा, हे मी तपासणीत पाहिले आहे आणि बहुतेक वेळा मालकाला ते माहीत नसते. बचतीच्या टक्केवारीवर मोबदला हेही वरवर न्याय्य दिसते, पण त्यात सल्लागार लवकर दिसणारी बचत शोधतो, आणि सर्वांत लवकर दिसणारी बचत म्हणजे माणसे कमी करणे व देखभाल पुढे ढकलणे.

दुसरी_पाळी:

पूर्ण सहमत. मी ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला घेते आणि कोणत्याही विक्रेत्याकडून काहीही घेत नाही, हे करारातच लिहून देते. टक्केवारीवर मी सुरुवातीला दोन कामे केली होती. तुम्ही म्हणता तो झुकाव मला स्वतःत जाणवला, म्हणून सोडून दिले. देखभालीचा मुद्दा तर सोन्यासारखा आहे. वंगणाचा खर्च या वर्षी वाचतो आणि बेअरिंग पुढच्या वर्षी जाते, तोवर सल्लागार आपला हिस्सा घेऊन गेलेला असतो.

नवखा_सल्लागार:

एक शेवटचा प्रश्न. स्वतःचा कारखाना बंद पडला, हे तुम्ही ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगता का? आमच्याकडे असे काही सांगणे म्हणजे काम गमावणे समजतात.

दुसरी_पाळी:

सांगते, आणि काम गमावतेही. एका मालकांनी ते ऐकल्यावर माझी फाइल बंद केली, विचार करून कळवतो म्हणाले आणि कळवले नाही. त्यांचा तो हक्क होता.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका मालकांकडे गेले होते. वय साठीच्या पुढचे, तासभर त्यांनी मला वाढीचे तक्ते दाखवले, सगळे छापील, रंगीत. मी माझ्या कारखान्याचे सांगितले. ८५ दिवसांचे गणित, पगारवही, फोरमन. ते काही बोलले नाहीत. उठून दार लावून आले, टेबलाच्या सर्वांत खालच्या खणाची किल्ली शोधली आणि आतून कोपरे दुमडलेली एक वही काढली. तिच्यात हाताने लिहिलेल्या देण्यांच्या तारखा होत्या, काही तीनतीनदा खोडून पुढे ढकललेल्या. "ही माझ्या मुलालाही दाखवलेली नाही," असे म्हणून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली, आणि आम्ही पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.